दुर्मिळ क्षयाच्या शोधासाठी ट्रॅकर कसा आखायचा: म्यूऑनच्या उदाहरणातून पहिली पावलं

कणभौतिकीकडे नव्यानं वळलेली मुलं बहुतेकदा विचारतात, "कुठला सेन्सर घ्यायचा?" प्रश्न चुकीचा नाही, पण तो सातव्या पायरीवरचा आहे. सेन्सरच्या आधी कागदावर बरंच काही ठरवावं लागतं, आणि ते ठरलं की सेन्सर जवळजवळ आपोआप निवडला जातो. ट्रॅकरच्या, म्हणजे कणाची वाट टिपणाऱ्या यंत्राच्या, त्या कागदावरच्या कामाबद्दल हा लेख आहे. गुणाकार-भागाकार आणि वर्गमूळ येत असेल तर तो पुरा वाचता येईल. बी.एस्सी. भौतिकशास्त्र झालं असेल तर सगळे आकडे स्वतः काढून पाहता येतील, आणि ते पाहावेतच.

उदाहरण म्हणून स्वित्झर्लंडमधल्या फिलिगेन गावातल्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटमधला म्यू-थ्री-ई हा प्रयोग घेते. म्यूऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ, पॉझिट्रॉन म्हणजे धन प्रभाराचा इलेक्ट्रॉन, आणि कण आपोआप मोडून दुसरे कण बाहेर पडणं म्हणजे क्षय. एक धन म्यूऑन मोडून दोन पॉझिट्रॉन आणि एक इलेक्ट्रॉन बाहेर पडतात का, एवढा एकच प्रश्न तो विचारतो. न्यूट्रिनो या जवळजवळ अदृश्य कणांना वस्तुमान आहे हे धरूनही स्टँडर्ड मॉडेल या कणांच्या प्रस्थापित सिद्धांतानुसार या क्षयाची शक्यता इतकी कमी आहे की दशांशचिन्हानंतर पन्नासहून जास्त शून्यं लिहावी लागतात. म्हणजे असा एक जरी क्षय खात्रीनं दिसला, तरी तिथं नवीन भौतिकी आहे.

पायरी १: आधी शत्रू ओळखा

वहीचं पहिलं पान दोन भागांत विभागा. डावीकडे सिग्नल, म्हणजे शोधायचा क्षय; उजवीकडे बॅकग्राउंड, म्हणजे त्याच्यासारखं दिसणारं बाकी सगळं.

डावी बाजू सोपी आहे. म्यूऑन टार्गेटमध्ये, म्हणजे त्याला अडवणाऱ्या पातळ पदार्थात, थांबून मोडतो, म्हणून तिन्ही कण एकाच क्षणी, एकाच बिंदूतून निघतात. त्यांच्या संवेगांची सदिश बेरीज शून्य आणि ऊर्जांची बेरीज म्यूऑनच्या वस्तुमानाइतकी, म्हणजे १०५.७ एमईव्ही (कणभौतिकीतलं ऊर्जेचं एकक). एकेका कणाच्या वाट्याला जास्तीत जास्त ५३ एमईव्ही येतात, सरासरी ३५.

उजव्या बाजूला जास्त वेळ द्या. इथं दोन प्रकारचे शत्रू आहेत.

पहिला: म्यूऑन मोडून हेच तीन कण आणि सोबत दोन न्यूट्रिनो बाहेर पडतात. हा क्षय खराखुरा आहे आणि लाखात साधारण ३.४ वेळा होतो. न्यूट्रिनो दिसत नाहीत, पण ऊर्जा घेऊन जातात. त्यांनी फारच थोडी ऊर्जा नेली तर हा क्षय आपल्या सिग्नलसारखाच दिसतो. वाचण्याचा मार्ग एकच: ऊर्जा इतकी अचूक मोजायची की ती थोडीशी तूटही लक्षात यावी. या बॅकग्राउंडचं प्रमाण तुटीच्या सहाव्या घातानं घटतं. अचूकता दुप्पट केली तर हा शत्रू ६४ पटींनी आटतो. संपूर्ण ट्रॅकरचं आखणीपत्र या एका वाक्यातून निघतं.

दुसरा शत्रू योगायोगाचा. एका म्यूऑनच्या साध्या क्षयातून निघालेला पॉझिट्रॉन टार्गेटमधल्या एखाद्या इलेक्ट्रॉनला धडकतो आणि दोघे एकाच बिंदूतून, एकाच क्षणी बाहेर येतात. जवळच दुसऱ्या म्यूऑनचा पॉझिट्रॉन निघाला की झाले तीन कण. पॉझिट्रॉन-इलेक्ट्रॉनच्या या धडकेला जगभर 'भाभा स्कॅटरिंग' म्हणतात. मुंबईत जन्मलेल्या होमी भाभांनी केंब्रिजमध्ये असताना तिचं गणित मांडलं आणि ते १९३६ साली प्रसिद्ध झालं. फिलिगेनच्या प्रयोगात आज बॅकग्राउंडचा हिशेब करताना तेच गणित वापरावं लागतं. टीआयएफआरच्या, म्हणजे मुंबईत भाभांनीच उभारलेल्या संशोधन संस्थेच्या, आवारात शिकलेल्या कुणालाही हे वाचून बरं वाटेल, मला तरी वाटलं.

पायरी २: किती म्यूऑन, किती दिवस

सिंड्रम या जुन्या प्रयोगानं १९८८ साली सांगितलं की हा क्षय एक लाख कोटी म्यूऑनांत एकाहून जास्त वेळा होत नाही. म्यू-थ्री-ईच्या पहिल्या टप्प्याचं उद्दिष्ट आहे पाचशे लाख कोटींत एक.

दर सेकंदाला १० कोटी म्यूऑन थांबवता आले, तर २५०० लाख कोटी म्यूऑन जमायला अडीच कोटी सेकंद लागतात, म्हणजे सुमारे २९० दिवस. यातला प्रत्येक क्षय आपल्याला दिसणार नाही. काही कण बीमच्या, म्हणजे येणाऱ्या म्यूऑनांच्या झोताच्या, दिशेनं निसटतील, काही फारच मंद असतील. पाचातला एक जरी पूर्ण पकडला तरी हिशेब जुळतो.

वेग वाढवून दिवस वाचवावेत असा मोह होईल. पण योगायोगाचं बॅकग्राउंड वेगाच्या वर्गानं वाढतं, सिग्नल मात्र वेगाच्याच प्रमाणात. दुप्पट बीम घेतला की चौपट खोटे क्षय. म्हणून बीमची तीव्रता आणि ट्रॅकरची अचूकता एकत्रच ठरवाव्या लागतात.

पायरी ३: चुंबक आणि त्रिज्या

एक सूत्र पाठ करा: एमईव्हीतला संवेग म्हणजे ३०० गुणिले टेस्लातलं चुंबकीय क्षेत्र गुणिले मीटरमधली त्रिज्या.

१ टेस्लात ५३ एमईव्हीचा कण १७.७ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढतो. तो अक्षावरून निघतो, म्हणून अक्षापासून ३५ सेंटिमीटरपर्यंत जाऊन परततो. क्षेत्र अर्ध्या टेस्लावर आणलं तर हेच अंतर ७० सेंटिमीटर होईल आणि १ मीटर व्यासाच्या चुंबकात ते मावणार नाही. ट्रॅकरमध्ये अक्षाभोवती सेन्सरांचे एकात एक नळीसारखे थर असतात. उलट क्षेत्र वाढवलं तर मंद कण बाहेरच्या थरापर्यंत पोहोचतच नाहीत. म्यू-थ्री-ईचा सगळ्यात बाहेरचा थर अक्षापासून सुमारे ८.६ सेंटिमीटरवर आहे. १ टेस्लात तिथं पोहोचायला कणाकडे किमान १३ एमईव्ही हवेत, २ टेस्लात २६. तिघांत मिळून १०६ एमईव्ही वाटले जाणार असताना २६ ची अट घातली, तर बरेचसे खरे क्षय आपणच फेकून देऊ. १ टेस्ला हा आकडा असा दोन्ही बाजूंनी चेपला जाऊन येतो.

पायरी ४: वस्तुमानाची वही

इथं थांबा, कारण बहुतेक नव्या आखण्या इथंच चुकतात.

ट्रॅकर म्हणजे कण कुठून गेला ते सांगणारं यंत्र. त्यामुळे पिक्सेल, म्हणजे सेन्सरवरचा एकेक चौकोन, जितका बारीक तितकं मोजमाप चांगलं, असं वाटणं साहजिक आहे. म्यू-थ्री-ईचा पिक्सेल ८० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आहे, त्यामुळे जागेची चूक सुमारे २३ मायक्रॉन. आता कणाच्या बाजूनं पाहा. तो सिलिकॉनमधून जाताना अणुकेंद्रांच्या विद्युतक्षेत्रात हजारो बारीक धक्के खातो आणि त्याची दिशा किंचित बदलते. याला मल्टिपल स्कॅटरिंग म्हणतात. किती बदलेल ते पदार्थाच्या 'रेडिएशन लेंथ'वर ठरतं: ती लांबी जितकी कमी, तितका तेवढ्याच जाडीत कण जास्त विखुरतो. सिलिकॉनची ती लांबी ९३.७ मिलिमीटर आहे.

म्यू-थ्री-ईचा एक थर रेडिएशन लेंथच्या सुमारे ०.११५ टक्के इतका पातळ आहे. नेहमीच्या ए-फोर कागदाचा एक ताव साधारण ०.०२ टक्के भरतो. म्हणजे सेन्सर, तारा आणि आधार मिळून पाच-सहा कागदांइतकाच माल. एवढ्या पातळ थरातूनही ३५ एमईव्हीचा इलेक्ट्रॉन सरासरी १० मिलिरेडियननं, म्हणजे जेमतेम अर्ध्या अंशानं, वळतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या थरांत ४४ मिलिमीटर अंतर आहे. तेवढ्या वाटेत तो आपल्या मूळ मार्गापासून ०.४३ मिलिमीटर सरकतो.

०.४३ मिलिमीटर आणि २३ मायक्रॉन. जवळपास एकोणीस पटींचा फरक. पिक्सेल अर्धा करण्यात पैसा, वीज आणि वर्षं घालवली तरी संवेगाच्या मोजमापात फारसा फरक पडणार नाही. तेच कष्ट थर पातळ करण्यात घातले तर फळ मिळेल. या ऊर्जांना काम करताना माल कमी करणं हेच मुख्य काम, बाकी सगळं त्यानंतर.

माझी पहिली संगणकीय आखणी याच ठिकाणी फसली. सिम्युलेशनमध्ये मी ५० मायक्रॉनचं सिलिकॉन घातलं होतं, थर ०.०५३ टक्के भरत होता आणि संवेगाची अचूकता सुरेख दिसत होती. आमच्या मार्गदर्शक बाईंनी आलेख बघितला आणि एवढंच विचारलं, "यात तारा कुठं आहेत? आणि गोंद?" मी दोन्ही घातलेले नव्हते. ते घातल्यावर थर दुपटीहून जाड झाला आणि विखुरणं दीडपट वाढलं. तीन आठवड्यांचं काम पुन्हा करावं लागलं. तेव्हापासून मी प्रत्येक आखणीसाठी घरखर्चासारखी वही ठेवते: पदार्थ, जाडी, रेडिएशन लेंथ, टक्केवारी.

ती वही लिहिताना कळतं की तांबं किती महाग पडतं. तांब्याची रेडिएशन लेंथ १४.४ मिलिमीटर आहे, ॲल्युमिनियमची ८९. वीज आणि सिग्नल नेणाऱ्या पट्टीत सलग १४ मायक्रॉन तांबं आलं, तर तेच ०.१ टक्का होतं, म्हणजे अख्ख्या थराइतकं. तितकंच ॲल्युमिनियम फक्त ०.०१६ टक्के. म्हणून अशा ट्रॅकरांत पॉलिइमाइड या प्लास्टिकच्या पापुद्र्यावर ॲल्युमिनियमच्या तारा घेतात, जरी ॲल्युमिनियमला जोडणी करणं कटकटीचं असलं तरी. थरांमधल्या वायूचाही हिशेब वहीत यायला हवा. हवेची रेडिएशन लेंथ सुमारे ३०० मीटर, हेलियमची ५,५०० मीटरहून जास्त. मध्ये हेलियम भरला की वायूचा खर्च जवळपास नाहीसा होतो.

पायरी ५: कणाला परत येऊ द्या

एकदा वळण मोजून संवेग काढला तर ढोबळ नियम असा: सापेक्ष चूक म्हणजे विखुरण्याचा कोन भागिले कण एकूण किती कोनातून वळला तो. दुसऱ्या-तिसऱ्या थरांमध्ये ३५ एमईव्हीचा कण सुमारे ०.४ रेडियन वळतो. १० मिलिरेडियन भागिले ४०० मिलिरेडियन म्हणजे अडीच टक्के, एका कणामागे ०.९ एमईव्ही. तीन कणांची मिळून दीड एमईव्ही. पहिल्या टप्प्याला १ एमईव्हीहून चांगली अचूकता हवी, तेव्हा हे पुरत नाही.

यावरचा उपाय मला या सगळ्या विषयातला सगळ्यात देखणा वाटतो. कण बाहेर जाऊ द्यायचा, चुंबक त्याला वळवून परत आणतो, आणि तो पुन्हा थराला भिडला की तिथं पुन्हा मोजायचा.

घरात एक बांगडी घ्या आणि कागदावर ठेवा. एका बिंदूवर बोट दाबून धरा आणि समोरच्या बिंदूतून जाणारा व्यास आखा. आता त्या बोटाभोवती बांगडी किंचित फिरवा. समोरचा बिंदू बाजूला सरकला, पण आखलेल्या रेषेला बांगडी आता कुठं छेदते ते बघा. सहा सेंटिमीटरची बांगडी पाच अंशांनी फिरली तर समोरचा बिंदू पाच मिलिमीटरनं हलतो, रेषेवरचा छेद मात्र जेमतेम ०.२ मिलिमीटरनं. थरात विखुरलेला कण म्हणजे ही फिरलेली बांगडी. अर्धा वेढा झाल्यावर मोजलं तर विखुरण्याचा परिणाम जवळजवळ पुसला जातो आणि हाती उरतो तो निव्वळ व्यास, म्हणजेच संवेग.

प्रत्येक कणाला नेमका अर्धा वेढा मिळत नाही. मंद कणांना जवळपास मिळतो, वेगवान कण पाऊण वेढा घालून येतात. तरीही वळणाचा कोन ०.४ ऐवजी तीनाहून जास्त रेडियन झाला की चूक अडीच टक्क्यांवरून टक्क्याच्या काही दशांशांवर येते. फिरताना कण नळीच्या दिशेनंही पुढे सरकतो, म्हणून मधल्या भागाच्या दोन्ही बाजूंना आणखी थर लावावे लागतात. त्यामुळेच हा डिटेक्टर लांबट, बारीक नळीसारखा दिसतो. खर्च वाढतो, पण तो इथंच करावा असं माझं मत आहे.

पायरी ६: वेळ आणि जागा

आता योगायोगाच्या शत्रूकडे. दर सेकंदाला १० कोटी क्षय म्हणजे २० नॅनोसेकंदांत सरासरी दोन. पिक्सेल सेन्सरची घड्याळं साधारण तेवढीच बारीक असतात, म्हणून एकट्या पिक्सेलवर भागत नाही. कण गेला की चमकणारे बारीक तंतू आणि तशाच चमकणाऱ्या फरशा लावून वेळ काहीशे पिकोसेकंदांपर्यंत (पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा हजारावा भाग), फरशांनी १०० पिकोसेकंदांखाली आणतात. तंतूंचा मालही वहीत चढतोच, म्हणून ते अगदी मोजके. फरशा जाड असतात, पण कण शेवटी तिथंच थांबतो आणि त्यानंतर काही मोजायचं नसतं, त्यामुळे त्या चालतात.

जागेसाठी म्यू-थ्री-ईनं टार्गेटलाच आकार दिला आहे. पातळ प्लास्टिकच्या पापुद्र्याचे दोन पोकळ शंकू बुडाशी जोडलेले, लांबी १० सेंटिमीटर. म्यूऑन त्याच्या पृष्ठभागावर विखरून थांबतात, त्यामुळे दोन क्षय एकाच ठिकाणाहून निघाल्याचं भासण्याची शक्यता घटते. सगळ्यात आतला थर टार्गेटला अगदी खेटून, सुमारे २३ मिलिमीटर त्रिज्येवर, म्हणजे विखुरलेल्या मार्गावरून मागे जाताना चूक फार वाढत नाही.

पायरी ७: आता सेन्सर

आतापर्यंतच्या अटींवरून यादी तयार झाली: पातळ, बऱ्यापैकी वेगवान, आणि वाचन करणारी चिप वेगळी नको. वेगळी चिप म्हणजे आणखी सिलिकॉन आणि जोडणीचे धातूचे मणी. इवान पेरिच यांनी मांडलेली उच्च-व्होल्टेज मोनोलिथिक पिक्सेलची कल्पना इथं नेमकी बसते. सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक्स एकाच तुकड्यात असतात, आणि तो घासून ५० मायक्रॉनवर आणता येतो.

पण हे उत्तर सगळीकडे लागू करू नका. शिकागोजवळच्या फर्मीलॅबमधल्या म्यू-टू-ई प्रयोगात ॲल्युमिनियमच्या अणूत अडकलेल्या म्यूऑनपासून सुमारे १०५ एमईव्हीचा इलेक्ट्रॉन शोधायचा आहे, तर नको असलेले बहुतेक इलेक्ट्रॉन ५३ च्या खाली असतात. तिथं ट्रॅकरच्या मधोमध भोकच ठेवलं आहे. कमी संवेगाचे कण लहान वर्तुळं काढत त्या भोकातूनच निघून जातात आणि डिटेक्टरला त्यांची गंधवार्ताही लागत नाही. कुठं काहीच लावायचं नाही हा निर्णयसुद्धा आखणीच असतो. उरलेल्या कड्यात ५ मिलिमीटर व्यासाच्या, १५ मायक्रॉन भिंतीच्या २०,७३६ नळ्या निर्वातात ताणलेल्या आहेत. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या एनए-६२ प्रयोगातही केऑन या दुसऱ्या कणाच्या दुर्मिळ क्षयासाठी नळ्याच आहेत, पण तिथल्या कणांचा संवेग शेकडो पट जास्त, म्हणून प्रश्नही वेगळे. मुंबईच्या टीआयएफआरच्या गटानं जपानमधल्या बेल-टू प्रयोगाच्या सिलिकॉन ट्रॅकरचा चौथा थर बांधला. या कामाकडे वळायचं असेल तर आपल्याकडेही जाणकार आहेत, दूर शोधायला नको.

पायरी ८: उष्णता, ओल आणि इतर रोजच्या गोष्टी

सक्रिय चिप तापते. दर चौरस सेंटिमीटरला पाव वॅट धरा आणि एकूण क्षेत्रफळ १.१ चौरस मीटर. म्हणजे पावणेतीन किलोवॅट, जवळपास घरातल्या गिझरइतके, आणि तेही कागदाइतक्या पातळ कवचात. पाण्याच्या नळ्या घालाव्यात तर वहीचा हिशेब कोलमडतो. म्हणून थंड हेलियम वायू थरांमधून वेगानं वाहवतात. मग पुढचा प्रश्न: त्या वाऱ्यानं पातळ थर थरथरतील का? तापून फुगतील का? हे कागदावर कळत नाही. चिपऐवजी तापणाऱ्या पट्ट्या लावून खोटं मॉडेल बनवा आणि वारा सोडून पाहा. महागड्या सेन्सरांना हात लावण्याआधी हे झालंच पाहिजे.

ओलीकडेही लक्ष द्या. त्याच संस्थेतल्या मेग-टू प्रयोगाच्या वायूभरित ट्रॅकरमध्ये चांदीचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या बारीक तारा होत्या. बांधणीच्या काळात हवेतल्या दमटपणानं त्या गंजून तुटू लागल्या, आणि तुटलेल्या तारा एकेक करून काढाव्या लागल्या. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात ज्यांनी प्रयोगशाळा चालवली आहे, त्यांना याचं गांभीर्य वेगळं सांगायला नको. कुठल्या दोन धातूंचा स्पर्श होतोय आणि खोलीतली आर्द्रता किती, हे पहिल्या दिवसापासून नोंदवत जा.

पायरी ९: स्वतः करून पाहा

जीएंट-फोरसारखं मोठं सिम्युलेशन लगेच उघडू नका. पायथनमध्ये शंभर ओळींत खेळण्यातला ट्रॅकर लिहा. सपाट कागदावर २३, ३०, ७४ आणि ८६ मिलिमीटर त्रिज्यांची चार वर्तुळं काढा. केंद्रातून १ टेस्लात ३५ एमईव्हीचे दहा हजार कण सोडा. प्रत्येक थरावर दिशा १० मिलिरेडियनच्या पसाऱ्यानं यदृच्छेनं बदला, जागेत २३ मायक्रॉनची चूक मिसळा, चार बिंदूंतून वर्तुळ बसवा आणि त्रिज्येवरून संवेग काढा.

पसारा तीन टक्क्यांच्या आसपास यायला हवा. विखुरणं बंद केलं की तो एक टक्क्याच्या जवळ उतरेल. विखुरणं चालू ठेवून पिक्सेल ४० मायक्रॉन करा, आकडा जेमतेम हलेल. मग पिक्सेल पुन्हा ८० वर आणा आणि थराचा माल अर्धा करा, म्हणजे १० च्या जागी ७ मिलिरेडियन: आता पसारा सव्वादोन-अडीच टक्क्यांवर येतो. यातलं काही वेगळं आलं तर आधी मिलिमीटर-मीटरची गल्लत तपासा, मग कोनाची चिन्हं. हे चारही आकडे जुळल्यावर पाचवा बिंदू म्हणून परतीच्या वाटेवरचा ८६ मिलिमीटरचा छेद जोडा आणि पसारा किती उतरतो ते वहीत लिहून ठेवा.